जीव्हजची पुस्तके कोणत्या क्रमाने वाचावीत? (धागा)

पी. जी. वुडहाउस यांच्या जीव्हज-मालिकेविषयी हा प्रश्न वारंवार विचारला जातो. कथेतील घटनाक्रम पाळावा की प्रकाशनाची वर्षे? मी प्रकाशनवर्षांच्या बाजूचा आहे. त्यामागचे कारण वाङ्मयीन कमी आणि ऐतिहासिक अधिक आहे.

प्रथम व्यावहारिक बाब. बर्टी वूस्टर आणि त्याचा खासगी सेवक जीव्हज यांच्या पहिल्या भेटीची कथा १९१६ सालची. पण ती पुस्तकात आली थेट १९२५ च्या 'कॅरी ऑन, जीव्हज'मध्ये. 'माय मॅन जीव्हज'मधील (१९१९) चारही जीव्हजकथा याच संग्रहात पुन्हा आल्या आहेत. तेव्हा 'द इनिमिटेबल जीव्हज' (१९२३) येथून आरंभ केला तरी काही बिघडत नाही.

'जीव्हज' हे नाव मात्र क्रिकेटच्या मैदानावरचे. वॉरिकशरच्या पर्सी जीव्हज या गोलंदाजाला वुडहाउस यांनी १९१३ साली चेल्टनहॅम येथे खेळताना पाहिले होते. जुलै १९१६ मध्ये तो सोमच्या रणधुमाळीत मारला गेला. पहिल्या भेटीची कथा छापून आली ती त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, आणि तिच्यात युद्धाचा मागमूसही नाही! बर्टीच्या जगात कोणी वृद्ध होत नाही, कोणी रणांगणावर जात नाही.

मग येते १९३८ चे 'द कोड ऑफ द वूस्टर्स'. ऑस्वल्ड मोस्लीच्या काळे शर्टवाल्या फॅसिस्टांचा इंग्लंडमधील धुमाकूळ वाचकांच्या स्मरणात ताजा होता. वुडहाउस यांनी रॉडरिक स्पोड उभा केला. त्याने संघटना काढली तोवर बाजारातले शर्ट संपले होते, म्हणून त्याचे अनुयायी काळ्या अर्ध्या विजारी घालतात. बर्टी त्याच्या तोंडावर या पोशाखाची रेवडी उडवतो. शिवाय या भावी हुकूमशहाचे एक गुपित आहे: स्त्रियांच्या अंतर्वस्त्रांचे दुकान.

दोनच वर्षांनी, मे १९४० मध्ये, फ्रान्समधील ल तुके येथे राहणारे वुडहाउस जर्मनांच्या हाती सापडले. सुटका झाली जून १९४१ मध्ये. त्यानंतर त्यांनी बर्लिन नभोवाणीवरून पाच भाषणे दिली. विषय होता स्थानबद्धतेतील गमतीजमती. इंग्लंडमध्ये देशद्रोहाचा गिल्ला झाला. ब्रिटिश गुप्तचर खात्याने चौकशी केली, खटला भरला नाही. वुडहाउस पुन्हा कधीही मायदेशी परतले नाहीत.

१९४५ साली जॉर्ज ऑर्वेल त्यांच्या बचावाला धावले. त्यांचा युक्तिवाद असा, की या पुस्तकांत १९१८ नंतरच्या कोणत्याही प्रवृत्तीचे चिन्ह नाही. असा माणूस फॅसिस्ट कसा असेल? हेतू स्तुत्य, पण स्पोड डोळ्यांसमोर असताना हे विधान टिकत नाही. वुडहाउस यांना फॅसिझम दिसला होता आणि तो हास्यास्पद वाटला होता. माझ्या मते घोटाळा नेमका येथेच आहे. ज्या वृत्तीने स्पोडला अर्धी विजार नेसवली, त्याच वृत्तीने छावणीतील दिवसांचा विनोद केला, आणि तो कोणाच्या ध्वनिक्षेपकावरून ऐकवला जात आहे याचे भान तिला उरले नाही. हा देशद्रोह नव्हे. मात्र 'बिचारे भोळे लेखक' म्हणून हा विषय मिटवणेही मला पटत नाही.

१९३८ नंतर लगेच 'जॉय इन द मॉर्निंग' (१९४६) हाती घ्यावे. ल तुके येथे आरंभलेले हे पुस्तक जर्मनीत पुरे झाले. त्यात पुन्हा तेच ग्रामीण इंग्लंड, जणू मधे काही घडलेच नाही. घटनाक्रमाने वाचणाऱ्याला हे खटकणार नाही. साल पाहून वाचणारा क्षणभर थबकतो.

१९५३ च्या 'रिंग फॉर जीव्हज'मध्ये करांनी पिचलेले उमराव आहेत आणि बर्टी चक्क गैरहजर. हे मालिकेतले सर्वांत फिके पुस्तक. घाई असल्यास वगळावे.

'मच ऑब्लाइज्ड, जीव्हज' (१९७१) मात्र चुकवू नये. स्पोड आता लॉर्ड सिडकप झाला आहे. १९६३ च्या कायद्याने उमरावांना पदवी सोडून हाउस ऑफ कॉमन्सची निवडणूक लढवण्याची मुभा मिळाली होती. स्पोडच्या मनात तोच बेत घोळतो. प्रचारसभेत एक बटाटा येऊन त्याच्यावर आदळतो आणि तो बेत सोडून देतो.