श्रीवर्धन

महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील समुद्रकाठचे नगरपरिषदेचे गाव व त्याच नावाच्या तालुक्याचे ठाणे. पेशवे घराण्याचे मूळ गाव म्हणून पुण्याशी त्याचे नाते जुने. ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळे या मार्गाने ते पुण्यापासून सुमारे १६० किमी. अंतरावर आहे.

स्थान व रचना : पुळणीला लागून नारळी-पोफळीच्या वाड्या, वाड्यांतच घरे आणि त्यांमागे जांभ्याचे डोंगर अशी गावाची मांडणी आहे. पश्चिमेकडून येणारा खारा वारा आधी वाड्या अंगावर घेतात, मग तो घरांपर्यंत पोचतो. म्हणून इथली वाडी उत्पन्नाइतकीच आडोशाचीही आहे. सोमजाई ही गावची ग्रामदेवता. जीवनेश्वर आणि लक्ष्मीनारायण ही इथली इतर प्रसिद्ध देवळे.

इतिहास : अहमदनगरच्या निजामशाहीत व पुढे विजापूरच्या आदिलशाहीत हे महत्त्वाचे बंदर होते. त्यानंतर ते जंजिऱ्याच्या सिद्दीकडे गेले. इथली देशमुखी भट घराण्याकडे होती. सिद्दीशी बिनसल्यावर बाळाजी विश्वनाथ भट यांनी गाव सोडून घाटावरची वाट धरली. ते पुणे प्रांताचे सरसुभेदार झाले आणि १७१३ मध्ये शाहू महाराजांनी त्यांना पेशवेपद दिले. त्यांचे पुत्र पहिले बाजीराव यांनी १७३० मध्ये पुण्यात शनिवारवाड्याचे काम सुरू केले. पेशव्यांचे मूळ गाव मात्र जंजिरा संस्थानातच राहिले. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाल्यावर ते तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात आले. गावात बाळाजी विश्वनाथांचे स्मारक आहे.

बागायत : ‘श्रीवर्धनी रोठा’ ही इथली सुपारी मोठी, आतून पांढरी आणि कातरायला मऊ म्हणून नावाजलेली आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र इथेच आहे. पोफळीला सावली आणि बारमाही ओलावा लागतो. त्यामुळे वाडीत नारळ वर, पोफळ मध्ये, खाली केळी व जायफळ आणि खोडावर मिरवेल अशी लागवड करतात. झाडावर चढून सुपारी उतरवली की ती अंगणात कित्येक दिवस उन्हात वाळवतात, मग सोलतात. गळून पडलेल्या विऱ्या आणि झावळ्याही घरच्या कामी येतात. एकेका कुटुंबाची जमीन काही गुंठ्यांचीच असली, तरी तेवढ्यातही झाडे दाट असतात.

परिसर : उत्तरेला शेखाडी व भरडखोलवरून जाणारा किनारी रस्ता दिवेआगरला पोचतो. दिवेआगरचा शके ९८२ (इ. स. १०६०) चा ताम्रपट आद्य मराठी लेखांत गणला जातो. तिथे १९९७ मध्ये वाडीत खणताना गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला. २०१२ मध्ये दरोडेखोरांनी दोन पहारेकऱ्यांचा खून करून तो चोरून नेला. दक्षिणेला सावित्रीच्या मुखाजवळ हरिहरेश्वर आहे. तिथला प्रदक्षिणामार्ग खडकातल्या घळीतून थेट समुद्राकाठी उतरतो आणि भरतीच्या वेळी बंद होतो. खाडीपलीकडचे वेळास हे नाना फडणविसांच्या भानू घराण्याचे गाव. बागमांडला ते वेसवी फेरीबोटीने तिकडे जाता येते.

निसर्ग चक्रीवादळ : ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ याच किनाऱ्यावर आदळले. ताशी ११० ते १२० किमी. वेगाच्या वाऱ्याने पोफळी मधोमध मोडल्या, नारळ मुळासकट उपटले गेले. नुकसानभरपाई हेक्टरी दराने मोजली, तर गुंठ्यांच्या वाडीच्या वाट्याला फार थोडे येते. म्हणून बागायतदारांनी झाडागणिक भरपाईची मागणी लावून धरली, आणि ती रास्तच होती. नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. तोवर खालच्या जायफळाला आणि मिरवेलीलाही सावली नसते.

सद्यःस्थिती : बागायत, मासेमारी आणि पर्यटन यांवर गावाचा चरितार्थ चालतो. घरगुती खाणावळी व निवासांमुळे मोडलेल्या कुटुंबांना हात मिळाला आहे. पण या किनाऱ्यावर विहिरींचा बेसुमार उपसा झाला, तर खारे पाणी आत शिरते आणि त्याचा पहिला फटका पोफळीला बसतो. त्यामुळे गोड्या पाण्याचा हिशेब आणि बांधकामाची परवानगी या इथे वेगळ्या बाबी नाहीत. लहान नगरपरिषदेने पर्यटन जरूर वाढवावे, पण वाड्या राखून. कारण श्रीवर्धनचे उत्पन्न, नाव आणि वादळातला आडोसा ही तिन्ही त्यांच्यावरच उभी आहेत.