शटल बसचे वजन

शटल बसचे वजन : विमानतळ ते हॉटेल, वाहनतळ ते इस्पितळ अशा ठरलेल्या छोट्या मार्गावर फेऱ्या करणाऱ्या बसचे वजन. रिकाम्या बसचे, भरलेल्या बसचे आणि बसने जास्तीत जास्त पेलायचे, अशी ही तीन वेगळी वजने आहेत. अमेरिकेत चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर असतो तो तिसरा आकडा; त्यालाच बसचे वजन समजण्याची चूक सर्रास होते. (भारतात आरसी पुस्तकात रिकामे आणि भारासहित वजन वेगवेगळे नोंदतात.)

अमेरिकेतल्या पुष्कळ शटल बस फोर्ड ई-४५०सारख्या ‘कटअवे’ चासीवर बांधलेल्या असतात. पुढची केबिन व सांगाडा एका कंपनीचा, मागची बॉडी दुसऱ्या कारखान्याची. आसने, एसी, चाकाच्या खुर्चीसाठीची लिफ्ट यांनुसार वजन बदलते, म्हणून चासीच्या माहितीपत्रकावर विसंबता येत नाही. टाकी भरून बस काट्यावर नेणे हाच खात्रीचा मार्ग.

ई-४५०ची कमाल मर्यादा १४,५०० पौंड, म्हणजे सुमारे ६,५७७ किलो. समजा, रिकामी बस ४,६०० किलो भरली, उरले १,९७७. तिथल्या नियमांत माणशी १५० पौंड (६८ किलो) धरतात. चालकासह २५ जणांचे १,७०० किलो झाले, की २७७ किलो शिल्लक दिसतात. पण २४ प्रवाशांची प्रत्येकी १५ किलोची बॅग धरली, तर ३६० किलो होतात आणि मर्यादा ओलांडली जाते. शिवाय अमेरिकी प्रौढाचे सरासरी वजन आज ८० किलोच्या पुढे आहे. बस-चाचणीसाठी माणशी १५० पौंडांचा आकडा १७५ पौंड करण्याचा प्रस्ताव तिथल्या संघीय परिवहन प्रशासनाने २०११मध्ये मांडला आणि २०१२मध्ये मागे घेतला. कागदावरचा हिशेब त्यामुळे आजही हलकाच राहतो.

एकूण वजन मर्यादेत असले तरी पुढचा व मागचा आस वेगवेगळा तोलावा. काटा एकच सलग असेल, तर आधी फक्त पुढची चाके चढवावीत, मग पूर्ण बस. वजाबाकीने मागचा भार मिळतो. सामानाचा कप्पा मागच्या आसाच्याही मागे असतो, तेव्हा हे विशेष महत्त्वाचे. दोन आसांत ४.५ मीटर अंतर असताना मागच्या आसापासून दीड मीटर मागे २०० किलो ठेवले, तर तरफेच्या नियमाने मागच्या आसावर सुमारे २६७ किलो वाढतात आणि पुढचा आस ६७ किलोंनी हलका होतो. तेवढी पुढच्या चाकांची रस्त्यावरची पकड कमी होते.