इन्सब्रुकचा एक दिवस : आधी शिखर, मग प्राणिसंग्रहालय

युरोपच्या सहलीला निघणाऱ्या मराठी पर्यटकांच्या कार्यक्रमपत्रिकेत ऑस्ट्रियातील इन्सब्रुक हे नाव अनेकदा असते. पण ते बहुधा दुपारच्या जेवणापुरतेच. वाटेन्स येथील स्फटिकांचे दालन पाहून बस शहरात येते, जुन्या पेठेतील सोनेरी छपरासमोर छायाचित्रे काढली जातात आणि तासा-दोन तासांत मंडळी इटलीच्या किंवा स्वित्झर्लंडच्या वाटेला लागतात. पेठेतल्या कोणत्याही गल्लीतून मान वर केली की समोर उभी दिसणारी राखाडी डोंगररांग मात्र तशीच मागे राहते. या रांगेचे नाव नॉर्डकेट्टे, म्हणजे उत्तरेची साखळी. शहराच्या मध्यातून निघून तिच्या माथ्यावर जायला गाडी बदलण्याचा वेळ धरून साधारण अर्धा तास लागतो आणि त्याच वाटेवर, डोंगराच्या पायथ्याशी, केवळ आल्प्समधील प्राण्यांना वाहिलेले प्राणिसंग्रहालय आहे. शिखर आणि प्राणिसंग्रहालय एकाच दिवसात निवांतपणे पाहता येतात. त्यासाठी फक्त क्रम नीट ठरवावा लागतो.

हा क्रम महत्त्वाचा का, हे आधी समजून घेतले पाहिजे. प्राणिसंग्रहालय वाटेत पहिल्यांदा लागते, म्हणून बरेच जण प्रथम तिथे उतरतात. मुले रमतात, दुपार होते आणि मग वर जावे तर शिखर ढगांत हरवलेले असते. उन्हाळ्यात आल्प्समध्ये सकाळी आकाश स्वच्छ असते. ऊन तापले की दुपारनंतर डोंगरमाथ्यावर ढग जमतात आणि पुष्कळदा विजांसह पाऊस येतो. तिकिटाचे पैसे जातात हा भाग वेगळा. पण वयस्कर आई-वडिलांना घेऊन आयुष्यात एकदाच इतक्या लांब आलेल्या कुटुंबाला तो दिवस परत मिळत नाही. म्हणून सरळ नियम असा : सकाळ शिखराची, दुपार प्राण्यांची.

तीन टप्प्यांचा चढ

पहिला टप्पा हुंगरबुर्ग गाडीचा. ही दोराने ओढली जाणारी, रुळांवरून धावणारी फ्युनिक्युलर होय. आपल्याकडे सप्तशृंगी गडावर जी ट्रॉली आहे, त्याच जातीची. तिच्या आरंभीच्या स्थानकाचे नाव ‘काँग्रेस’ आहे. आपल्या राजकारणाशी त्याचा काही संबंध नाही. शेजारी परिषदगृह आहे, त्यावरून हे नाव पडले. जुन्या पेठेतून हे स्थानक चालत काही मिनिटांवर आहे, तर मुख्य रेल्वेस्थानकापासून पायी पंधरा-वीस मिनिटांत पोहोचता येते.

मूळची हुंगरबुर्ग गाडी १९०६ साली सुरू झाली होती. ती २००५ मध्ये बंद करून नवा मार्ग बांधण्यात आला आणि डिसेंबर २००७ मध्ये तो प्रवाशांसाठी खुला झाला. नव्या मार्गावरील चारही स्थानकांची रचना बगदादमध्ये जन्मलेल्या विख्यात वास्तुरचनाकार झाहा हादिद (१९५०-२०१६) यांची आहे. वितळता वितळता थिजलेल्या बर्फासारखी दिसणारी ही काचेची छपरे पाहण्यासाठी वास्तुकलेचे विद्यार्थी मुद्दाम येतात. सुमारे १.८ किलोमीटरच्या प्रवासात गाडी प्रथम भुयारातून जाते, मग पुलावरून इन नदी ओलांडते आणि नंतर चढाला लागते. चढ तीव्र झाला तरी डब्यांची जमीन आपोआप समपातळीत राहते, त्यामुळे ज्येष्ठांना तोल सांभाळण्याची कसरत करावी लागत नाही. सुमारे आठ मिनिटांत आपण ८६० मीटर उंचीच्या हुंगरबुर्ग येथे पोहोचतो.

येथून दुसरा टप्पा सुरू होतो. मोठ्या पाळण्यातून १,९०५ मीटर उंचीवरील झेग्रुबे स्थानकापर्यंत जाता येते. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या टप्प्याची कल्पना येते. तिसरा पाळणा झेग्रुबेहून २,२५६ मीटरवरील हाफेलेकार स्थानकात नेतो. ही उंची साधारणपणे सिमल्याएवढी आहे. हे दोन्ही रज्जुमार्ग १९२८ साली सुरू झाले. यंत्रे आणि पाळणे पुढे बदलले असले, तरी फ्रान्झ बाउमान या टिरोली वास्तुरचनाकाराने उभारलेल्या स्थानकांच्या मूळ इमारती जपण्यात आल्या आहेत. एकाच वाटेवर १९२८ आणि २००७ या दोन काळांची वास्तुकला पाहायला मिळते.

वर काय पाहावे?

हाफेलेकार स्थानकातून बाहेर पडल्यावर दहा-पंधरा मिनिटांची चढण चढली की २,३३४ मीटर उंचीचे शिखर लागते. पायवाट चांगली असली तरी दगडगोट्यांची आहे. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी स्थानकाजवळच्या सज्जातून दृश्य पाहावे. त्यात फारसे उणे राहत नाही. दक्षिणेकडे खोल खाली इन नदीचे खोरे आणि खेळण्यातल्यासारखे शहर दिसते. पलीकडे २,२४६ मीटर उंचीचा पाचेरकोफेल आणि इटलीकडे जाणारी ब्रेनर खिंडीची वाट दिसते. शहराच्या दक्षिण टोकाला बेर्गिझेल टेकडीवर बर्फावरील उड्यांचा मनोरा आहे. २००२ मधील ही वास्तूही हादिद यांचीच. उत्तरेकडे मात्र दृश्य एकदम बदलते. तिकडे गाव नाही, रस्ता नाही. कार्वेंडेल पर्वताच्या एकामागून एक उभ्या राहिलेल्या ओसाड रांगाच रांगा दिसतात. हा सगळा भाग संरक्षित निसर्गउद्यान आहे.

विज्ञानाची आवड असणाऱ्यांसाठी हाफेलेकारला आणखी एक महत्त्व आहे. वैश्विक किरणांच्या शोधाबद्दल १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे व्हिक्टर हेस यांनी १९३१ साली येथे या किरणांच्या अभ्यासासाठी केंद्र उभारले. पुढे मारिएटा ब्लाउ आणि हेर्टा वांबाखर या दोन संशोधिकांनी छायाचित्रणाच्या काचा येथे कित्येक महिने ठेवून दिल्या आणि वैश्विक किरणांच्या आघाताने अणुकेंद्रके फुटल्याच्या तारकाकृती खुणा १९३७ मध्ये टिपल्या.

परतताना झेग्रुबे येथे थांबावे. येथे उपाहारगृह आहे आणि उन्हात बसायला प्रशस्त गच्ची आहे. बर्फ नसेल तर येथील सुमारे २.८ किलोमीटरच्या पायवाटेवर फेरफटका मारता येतो. स्नोहेट्टा या नॉर्वेतील वास्तुसंस्थेने २०१८ मध्ये तेथे दरीत डोकावणारे सज्जे आणि बाके बसवली आहेत. शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चीज घातलेले ‘केझश्पेट्झले’ किंवा गोड ‘कैझरश्मार्न’ हे पदार्थ मांसविरहित असले तरी त्यांत अंडे असते. ज्यांना अंडे चालत नाही त्यांनी घरून आणलेले ठेपले, दशम्या पिशवीत ठेवाव्यात. पाण्याच्या बाटल्या विकत घेण्याची मात्र गरज नाही. इन्सब्रुकच्या नळाला याच डोंगरातील झऱ्यांचे पाणी येते आणि ते निःशंकपणे पिता येते.

दुपार आल्पेनझूमध्ये

खाली उतरताना हुंगरबुर्ग गाडीने ‘आल्पेनझू’ स्थानकावर उतरावे. फलाट उंचावर असल्याने लिफ्टची सोय आहे. त्यानंतर थोडी चढाची वाट चालावी लागते. १९६२ साली प्राणिशास्त्रज्ञ हान्स प्सेनर यांनी स्थापन केलेल्या या प्राणिसंग्रहालयात हत्ती, सिंह, जिराफ नाहीत, हे मुलांना आधीच सांगून ठेवलेले बरे. येथे फक्त आल्प्समध्ये राहणारे किंवा एके काळी राहत असलेले प्राणी ठेवले जातात. तपकिरी अस्वल, लांडगा, लिंक्स नावाचे रानमांजर, बाकदार शिंगांचा आयबेक्स, शॅमॉय, पाणमांजर, बीव्हर, युरोपीय गवा, सोनेरी गरुड अशा सुमारे १५० जातींचे जवळपास दोन हजार प्राणी येथे आहेत. थंड पाण्यातील माशांचे मत्स्यालयही पाहण्यासारखे आहे.

सकाळी शिखरावर आपल्याला पर्वत दिसतो, त्याचे रहिवासी क्वचितच दिसतात. पिवळ्या चोचीचे काळे डोंगरकावळे पाळण्याच्या स्थानकाभोवती घिरट्या घालतात, एवढेच. बाकीचे कुठे आहेत आणि त्यांतले काही का दिसेनासे झाले होते, याचे उत्तर दुपारी मिळते.

त्यासाठी दाढीवाल्या गिधाडाच्या पिंजऱ्यापाशी थोडा वेळ काढावा. जवळपास पावणेतीन मीटर पंखविस्ताराचा हा पक्षी मुख्यतः मेलेल्या जनावरांची हाडे खाऊन जगतो. मोठे हाड उंचावरून खडकावर टाकून तो ते फोडतो. आपल्या हिमालयातही हा आढळतो. कोकरे पळवतो अशा गैरसमजातून आल्प्समध्ये त्याची बेसुमार शिकार झाली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो तिथून नाहीसा झाला. बंदिवासात जन्मलेली पिल्ले पुन्हा रानात सोडता येतील का, या प्रश्नाला आल्पेनझूने बळ दिले. १९७३ साली येथे दाढीवाल्या गिधाडाचे यशस्वी प्रजनन झाले. १९८६ मध्ये ऑस्ट्रियातील राउरिस खोऱ्यात पहिली पिल्ले मोकळी सोडण्यात आली आणि १९९७ मध्ये फ्रेंच आल्प्समध्ये रानातील घरट्यात पहिले पिल्लू जन्माला आले. आज आल्प्सच्या आकाशात हे पक्षी काही शेकड्यांनी आहेत. पिंजऱ्यातील पहिल्या पिल्लापासून रानातील पहिल्या पिल्लापर्यंत पोहोचायला चोवीस वर्षे लागली. भारतात डायक्लोफेनॅक या औषधामुळे गिधाडांचा संहार झाला आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, हे आठवले म्हणजे या चोवीस वर्षांचे मोल आपल्याला अधिक जाणवते.

आयबेक्सची कथाही अशीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी उत्तर इटलीतील ग्रान पाराडिझो परिसरात जेमतेम शंभरेक आयबेक्स उरले होते. आज आल्प्सभर पसरलेले चाळीस हजारांहून अधिक आयबेक्स त्याच कळपाचे वंशज आहेत.

संग्रहालय उतारावर वसलेले आहे. सगळे पाहायला दोन ते अडीच तास पुरतात. पण चढउतार सतत आहे. बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची ढकलणाऱ्याला दम लागतो, म्हणून वाटेतल्या बाकांचा भरपूर उपयोग करावा. हिवाळ्यात जाणाऱ्यांनी मार्मोट दिसेल अशी आशा धरू नये. तो ऑक्टोबरपासून साधारण एप्रिलपर्यंत बिळात झोपलेला असतो.

दिवसाचे वेळापत्रक (उन्हाळा)

सकाळी ८.१५ : काँग्रेस स्थानक, हुंगरबुर्ग गाडी.
सकाळी ८.४५ : हुंगरबुर्गहून झेग्रुबेचा पाळणा.
सकाळी ९.१५ : हाफेलेकार; शिखर अथवा सज्जा.
सकाळी ११ : झेग्रुबे; पायवाट, मग जेवण.
दुपारी १.३० : उतरण्यास प्रारंभ.
दुपारी २.१५ : आल्पेनझू.
सायंकाळी ५ : शहरात परत, सोनेरी छप्पर आणि इन नदीचा काठ.

म्युनिकहून रेल्वेने इन्सब्रुकला पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. त्यामुळे तिथे मुक्काम असणाऱ्यांनाही पहाटेच्या गाडीने निघून हा कार्यक्रम करता येईल. मात्र मग सगळे तास-दीड तास पुढे ढकलावे लागते आणि दुपारच्या ढगांशी शर्यत लागते. आदल्या रात्रीचा मुक्काम इन्सब्रुकमध्ये असणे केव्हाही उत्तम.

निघण्यापूर्वी

तिकीट : रज्जुमार्ग आणि प्राणिसंग्रहालय दोन्ही पाहायचे असतील तर ‘इन्सब्रुक कार्ड’ची चौकशी करावी. २४, ४८ किंवा ७२ तासांच्या या कार्डात शिखरापर्यंत एकदा जाणे-येणे आणि प्राणिसंग्रहालयाचा प्रवेश अंतर्भूत असतो. सुटे तिकीट घेत असाल तर परतीच्या वाटेवर आल्पेनझूला उतरून पुन्हा गाडीत बसता येते का, हे खिडकीवरच विचारून घ्यावे.

हवामान : सकाळी निघण्यापूर्वी शिखरावरील कॅमेऱ्यांची थेट चित्रे संकेतस्थळावर पाहावीत. खाली शहरात धुके आणि वर लख्ख ऊन, असेही होते. दक्षिणेकडून येणारा ‘फ्योन’ नावाचा उष्ण, जोरकस वारा विशेषतः वसंतात आणि शरदात सुटतो. तो फार वाढला की पाळणे थांबवतात. असे झाले तर क्रम उलटा करावा. सकाळी प्राणिसंग्रहालय पाहावे आणि दुपारी पुन्हा चौकशी करावी.

बंद काळ : वसंत आणि शरद ऋतूत काही दिवस दुरुस्तीसाठी रज्जुमार्ग बंद ठेवतात. सहलीची तारीख ठरवतानाच हे तपासावे. प्राणिसंग्रहालय वर्षभर खुले असते.

कपडे : शहरापेक्षा शिखरावर दहा-बारा अंशांनी थंडी अधिक असते. जुलैतही स्वेटर, वारारोधक जाकीट आणि पकड असलेले बूट हवेतच. उन्हाचा चष्माही ठेवावा.

प्रकृती : सतराशे मीटरची उंची अर्ध्या तासात गाठली जाते. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. तरी हृदयविकार किंवा दम्याच्या रुग्णांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ज्यांना शंका वाटते त्यांनी झेग्रुबेपर्यंतच जावे.

सहल कंपनीबरोबर जाणाऱ्यांना हे सगळे अवघड वाटेल. पण कार्यक्रमपत्रिका हाती आल्यावर इन्सब्रुकमध्ये किती तास आहेत हा प्रश्न नोंदणीपूर्वीच विचारायला हरकत नाही. दोन तास असतील तर सोनेरी छप्पर पाहून समाधान मानावे. पण एक पूर्ण दिवस मिळत असेल तर तो असाच घालवावा. सकाळी हाफेलेकारच्या कड्यावर उभे राहून जे आकाश रिकामे वाटले होते, तिथे कोण उडत होते आणि ते परत यावे म्हणून माणसांनी काय केले, हे संध्याकाळपर्यंत घरातल्या लहानग्यालाही सांगता येईल.