मॅनिला रोड
अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या विचिटा शहरात १९७७ मध्ये स्थापन झालेला हेवी मेटल बँड. गायक, गिटारवादक व गीतकार मार्क शेल्टन हा त्याचा प्राण. ‘इन्व्हेजन’ (१९८०) हा पहिला अल्बम त्यांनी स्वतःच काढला. ‘क्रिस्टल लॉजिक’ (१९८३), ‘ओपन द गेट्स’ (१९८५) आणि ‘द डेल्यूज’ (१९८६) हे त्यांचे सर्वोत्तम काम. आर्थर राजाच्या दंतकथा, बुडालेले अटलांटिस असे विषय त्यांत दीर्घ, भारदस्त गिटारवादनातून उभे राहतात. शेल्टनचा किंचित नाकातला आवाज प्रथम खटकतो, मग तोच हवासा वाटतो. अमेरिकेत उपेक्षित राहिलेल्या या बँडला निष्ठावान श्रोते मिळाले ते युरोपात, विशेषतः जर्मनी व ग्रीसमध्ये. एपिक मेटलच्या जनकांत त्याची गणना होते. हा मान फार उशिरा मिळाला. जर्मनीतील एका महोत्सवात वाजवल्यानंतर २७ जुलै २०१८ रोजी शेल्टनचे निधन झाले.