सूचनांच्या कागदावर नसलेलं कीर्तन

नमस्कार मंडळी. आज ‘मंडळी’ हा शब्द दोन्ही अर्थांनी घ्या. तुम्ही ऐकणारे ती मंडळी, आणि आम्ही मराठी ख्रिस्ती लोक आपल्या चर्चच्या सभासदांना जे म्हणतो, तीही मंडळी.

उपासना संपत आली की आमच्या चर्चमध्ये सूचना वाचतात. गेल्या रविवारी डिसेंबरचा कागद वाचला गेला. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. महिला मंडळाची प्रार्थनासभा. शब्बाथशाळेच्या मुलांची नाटिका. तरुण संघाची घरोघरी कॅरल फेरी. नऊ पाठांची गीतोपासना. 25 तारखेला नाताळची उपासना आणि नंतर प्रीतिभोजन. सगळं होतं, फक्त दरवर्षीचं ख्रिस्ती कीर्तन नव्हतं.

बाहेर आल्यावर तरुण संघातल्या एका मुलाला विचारलं. तो अगदी आदराने म्हणाला, “काका, कीर्तन आपलं नाही ना. ते तिकडचं. आपली परंपरा कॅरलची.” मी ‘परंपरा’ या शब्दाशी अडखळलो. म्हणून आजचा भाग.

आता त्या कागदाकडे इतिहास म्हणून बघू. शब्बाथशाळा घ्या. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावात 1780 मध्ये रॉबर्ट रेक्स यांनी ही कल्पना उचलून धरली. आठवडाभर राबणाऱ्या गरीब मुलांना निदान रविवारी लिहाय-वाचायला मिळावं, हा हेतू. ऑक्टोबरमध्ये आपण कापणीचा सण केला, ज्वारी-बाजरीची पोती, भोपळे, कोंबड्या आणल्या, लिलाव केला. त्या सणाचं आजचं रूप कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टो गावी रॉबर्ट हॉकर या पाळकाने 1843 मध्ये सुरू केलं. आणि नऊ पाठांची गीतोपासना? तीही कॉर्नवॉलचीच. ट्रुरो इथे कॅथेड्रलचं बांधकाम चालू होतं, म्हणून 1880 च्या नाताळच्या आदल्या रात्री बिशप बेन्सन यांनी ती एका लाकडी शेडमध्ये घेतली. लोक दारूच्या गुत्त्यात जाऊ नयेत म्हणून, असंही सांगतात. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात ती 1918 मध्ये आली आणि तिथून जगभर पसरली.

1880 हा आकडा लक्षात ठेवा.

आता आपल्या नगरला या. आजचं अहिल्यानगर. इथे अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 मध्ये सुरू झालं. 1842 मध्ये इथूनच ‘ज्ञानोदय’ निघालं. पण खेड्यात वाचता येणारे किती? साहेबाचं प्रवचन दहा मिनिटं ऐकून माणसं उठून जायची. तीच माणसं कीर्तनाला रात्र रात्र बसायची. हे आधी ओळखलं ते इथल्या ख्रिस्ती झालेल्या मराठी माणसांनी. 1860 च्या दशकात नगरमध्ये ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. साकी, दिंडी, ओवी, अभंग सगळं तसंच. आख्यान मात्र उधळ्या पुत्राचं किंवा योसेफाचं. कृष्णराव सांगळे यांनी त्यासाठी पदं रचली. पुढे 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी या वाटेला आणखी जोर दिला. म्हणजे ट्रुरोच्या शेडमध्ये पहिला पाठ वाचला गेला, तेव्हा नगरचं ख्रिस्ती कीर्तन चांगलं रुळलेलं होतं. वयानं कीर्तनच थोरलं.

पण त्या मुलाच्या ‘तिकडचं’ या शब्दात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, ती टाळून चालणार नाही. नगरकडच्या मंडळ्यांमधले बहुतेक जण मूळचे महार आणि मांग समाजातले. कीर्तन जिथे चालायचं त्या देवळात आपल्या पणज्याला पाय ठेवता येत नव्हता. पंढरपूरचं मंदिर उघडायला साने गुरुजींना 1947 मध्ये उपोषण करावं लागलं. ज्या दारातून हाकललं, तिथलीच वस्तू आपण का जपायची, असं आमच्यातलेच काही वडीलधारे विचारतात. त्यांचा राग खोटा नाही.

माझं उत्तर एवढंच, की चर्चमधल्या कीर्तनाने ते दार उलटं केलं. इथे ऐकणारा बाहेर उभा नव्हता, पुढ्यात सतरंजीवर बसला होता. हवं तर उठून झांज हातात घेऊ शकत होता, आणि पुढे मधोमध उभाही राहू शकत होता. कीर्तन देवळाबाहेर आणण्यात त्याचाही वाटा आहे. ते सोडून दिलं, तर पणज्यांनी मिळवलेलं आपणच परत केल्यासारखं होईल.

कॅरल नको असं मी म्हणत नाही. मीही बारा वर्षं कॅरल फेरीत फिरलोय, घरोघरचा चहा आणि करंज्या खाल्ल्यात. कॉर्नवॉलची गोष्ट दीडशे वर्षांत आपली झाली, तशी कीर्तनाची कधीच झाली होती. दोन्ही एका कागदावर मावतात.

हे सगळं मी पास्टोरेट कमिटीपुढे मांडलं. नाताळनंतरच्या शनिवारी संध्याकाळी एक तास मिळालाय. मग आमच्या मंडळीतल्या शेवटच्या कीर्तनकार आजोबांकडे गेलो. वय ऐंशीच्या पुढे. उभं राहवत नाही, खुर्चीत बसून करतो म्हणाले. फक्त एकच विचारलं, “मी पद म्हणेन रे, पण मागे धरणार कोण?”

परवा त्या तरुण संघातल्या मुलाला हे सांगितलं. तो चर्चमध्ये कीबोर्ड वाजवतो. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “पेटी जमेल. पण पदं आधी शिकवायला सांगा त्यांना.”

गुरुवारपासून तालीम आहे. येत्या रविवारच्या सूचनांमध्ये तेही वाचतील. भेटू पुढच्या भागात.