अंगठ्याची दोन कुळं

अकोले तालुक्यातल्या राजूरला रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा लागला की धान्य मिळतं. तोच अंगठा मोबाइलवर ‘सहमत आहे’ दाबतो. त्यानंतर आपण अ‍ॅपमध्ये काय उघडलं, कुठे किती वेळ रेंगाळलो, हे सारं दूरच्या कंपनीकडे जात राहतं. या अंगठ्याची कुळं दोन आहेत.

पूर्वी निशाणी असे. मराठेशाहीतल्या कागदांवर निरक्षर पाटील नांगर काढी, बलुतेदार आपापलं अवजार. ती खूण धंद्याची, अंगाची नव्हे. १८५८ मध्ये बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानं रस्त्याच्या सामानाचा ठेका घेणाऱ्या राज्यधर कोनाईचा तळहात शाई लावून करारावर उमटवला. पुढे कोनाईला करार नाकारता येऊ नये, एवढाच हेतू. त्याला करार कळला का, हे त्या ठशावरून समजायची सोयच नव्हती. हे पहिलं कूळ.

दुसरं आपल्या मुलखातलं. अकोल्याच्या डोंगरात सावकाराची वही हा जुना जाच होता. देवगावच्या राघोजी भांगरे यांचं बंड सावकारांवरही होतं, आणि १८४८ मध्ये ते ठाण्याला फासावर गेले. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला दंगा उसळला आणि नगर जिल्ह्यातही पसरला. लोकांना सावकाराच्या जिवापेक्षा त्याचे कागद हवे होते. कर्जरोखे हाती आले की ते जाळत.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर हे त्याचे जिल्हे. शेतकऱ्याचा दस्त गाव-निबंधकासमोर व्हायचा. निबंधकानं तो मोठ्यानं वाचायचा, समोरच्याला समजला आणि मान्य आहे याची खात्री करायची, मगच सही किंवा निशाणी. नक्कल शेतकऱ्याला. भरल्या पैशाची पावती, वर्षाचा हिशेब, मागितलं तर पासबुकही. हे दुसरं कूळ. संमती म्हणजे काय, हे इतक्या नेमकेपणानं क्वचितच कोणी लिहिलं असेल.

मोबाइलवरचं बटण मात्र पहिल्या कुळाचं. ‘तुम्हीच तर होकार दिला होता’ हे दाखवायला ते पुरतं. आणि रोख्यावरचा अंगठा निदान एका कर्जापुरता असे. इथे एकदा दाबलं की टिपण रोज सुरू राहतं, आणि ती वही कंपनीच्याच घरी.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दुसऱ्या कुळाच्या खुणा दिसतात: संमती मोकळेपणी आणि समजून दिलेली हवी, दिली तितक्याच सहजपणे परत घेता यायला हवी, आपला कोणता डेटा कंपनीकडे आहे ते विचारता यायला हवं. सूचना मराठीतही मागता येण्याची तरतूद आहे. मोठ्यानं वाचून दाखवण्याची सक्ती मात्र नाही. राजूरच्या पंचक्रोशीतल्या, अक्षर न येणाऱ्या ठाकर आजीला १८७९ मध्ये जे मिळालं असतं, ते आज तिच्या हातातला फोन सहज देऊ शकतो. त्याला आवाज आहे. तो वापरणं नियमानं बंधनकारक करावं.