अवधान, प्लेग आणि हाफकिनची लस

पायाला काटा लागून जखम चिघळली की दोन-तीन दिवसांत जांघेत गाठ येते. आमच्या मिरज-सांगलीकडं त्याला ‘अवधान आलं’ म्हणतात. घरातलं म्हातारं माणूस लगेच विचारतं, “पायाला काय लागलंय का बघ.” गाठ जांघेत आणि चौकशी पायाची! शरीरशास्त्राचं एकही पुस्तक न वाचलेल्या माणसांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्यांनी दिलेलं उत्तर बरोबरच आहे. पण ती गाठ तिथं नेमकं काय करत असते, हे कळलं तर सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका साथीचा इतिहास वेगळाच दिसायला लागतो. आज ‘इम्युनिटी’ या नावाखाली जे काही विकलं जातं, त्याचाही उलगडा होतो. म्हणून ही जरा लांबलचक पोस्ट. वेळ काढून वाचा.

सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवी भागात, धान्याच्या गोदामांच्या वस्तीत, डॉ. अकासियो व्हिएगस यांना काही रुग्ण सापडले. कडक ताप, ग्लानी आणि काखेत किंवा जांघेत सुजलेली, हात लावू न देणारी गाठ. त्यांनी निदान केलं, ब्युबॉनिक प्लेग. लोकांनी त्याला सरळ ‘गाठीचा रोग’ म्हटलं. मुंबई रिकामी होऊ लागली आणि पळणाऱ्या माणसांबरोबर, धान्याच्या पोत्यांबरोबर रोगही निघाला. पुणे, कराड, बेळगाव, धारवाड, हुबळी. रेल्वेचा नकाशा समोर ठेवा, म्हणजे मिरज या वाटेवर कुठं येतं ते कळेल. उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं आणि रानात खोपटं घालून राहायचं, ही आठवण आपल्या भागातल्या कितीतरी घरांत अजून सांगितली जाते. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या लेक सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला गेल्या, त्या याच साथीत. देशभरात पुढच्या दोन-तीन दशकांत एक कोटीहून जास्त माणसं या रोगानं नेली.

रोगाची खूण काख-जांघेतली गाठ, म्हणून सरकारी तपासणीही तिथंच. रेल्वे स्टेशनावर माणसं उतरवायची आणि काखा-जांघा चाचपायच्या. बायकांनाही सोडायचं नाही. पुण्यात तर गोरे सोल्जर घराघरांत घुसले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. हा इतिहास आपण शाळेत शिकतो. पण त्या गाठीचा शोध घेण्याच्या पद्धतीनं लोक किती दुखावले गेले होते, हे त्या धड्यात फारसं येत नाही. पुढं लस आली तेव्हा लोक तिच्याकडं संशयानं बघत होते. त्यामागं अडाणीपणापेक्षा हा अनुभव जास्त होता.

आता त्या गाठीकडं वळू.

आपल्या शरीरात अशा पाचएकशे गाठी कायमच्या असतात. इंग्रजीत लिम्फ नोड, मराठीत लसिकाग्रंथी. एरवी त्या वाटाण्या-शेंगदाण्याएवढ्या, हाताला लागतही नाहीत. मान, काख, जांघ, पोट अशा मोक्याच्या जागी त्या बसवलेल्या आहेत. अंगात रक्तवाहिन्यांसारखंच आणखी एक बारीक नळ्यांचं जाळं असतं. त्यातून पेशींच्या अवतीभवतीचं पाणी गोळा होऊन परत रक्ताकडं जातं. जाताना ते या गाठींतून गाळून जातं. पायाकडून येणाऱ्या पाण्याचा नाका जांघेत, हाताकडून येणाऱ्याचा काखेत. म्हातारीचा प्रश्न बरोबर का, ते इथं कळतं.

काटा रुतला की पहिली तटबंदी फुटते, म्हणजे कातडी. मग जखमेवर पहिल्या धावतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. आपल्या पांढऱ्या पेशींत निम्म्याहून जास्त याच. आयुष्य जेमतेम दिवसाचं. जंतू गिळायचे आणि तिथंच मरायचं. जखमेतला पू म्हणजे बऱ्याच अंशी यांचीच प्रेतं. त्यांच्या जोडीला मॅक्रोफेज, म्हणजे मोठ्या तोंडाच्या गिळणाऱ्या पेशी. या दोघी जंतूची जातपात बघत नाहीत, परका दिसला की तुटून पडतात. तिसरी डेंड्रायटिक पेशी मात्र खबऱ्याचं काम करते. जंतूचा तुकडा घेऊन ती जवळच्या लसिकाग्रंथीत जाते आणि तिथं ओळख परेड सुरू होते.

गाठीत टी-पेशी आणि बी-पेशी खच्चून भरलेल्या असतात. दोन्हींचा जन्म हाडाच्या मगजात. टी-पेशींची शाळा छातीच्या हाडामागं, थायमस या छोट्या इंद्रियात. तिथं आपल्याच शरीरावर उठणाऱ्या पोरांना नापास करून संपवलं जातं. प्रत्येक पेशीला एकच चेहरा ओळखता येतो. खबऱ्यानं आणलेल्या तुकड्याशी लाखोंतल्या ज्या मोजक्या पेशींचा चेहरा जुळतो, त्या भराभर वाढतात. बी-पेशी त्या जंतूपुरती प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, तयार करून रक्तात सोडतात. काही टी-पेशी बिघडलेल्या पेशी मारतात, काही बाकीच्यांना हुकूम देतात. या गर्दीनं गाठ सुजते. म्हणजे अवधान हा रोग नसून चौकीवर जमलेली कुमक आहे. प्लीहा, जिला जुनी माणसं पाणथरी म्हणतात, ती हेच काम थेट रक्तासाठी करते. घशातले टॉन्सिल्स तोंडाच्या वेशीवर.

यात एक अडचण आहे, वेळेची. चेहरा पहिल्यांदाच दिसत असेल तर पुरेशी प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. प्लेगचा जंतू तेवढा वेळ देत नाही. उंदरावरची पिसू चावली की तो कातडीखाली येतो, मॅक्रोफेजनं गिळलं तरी तिच्या पोटात जिवंत राहतो आणि गाठीपर्यंत पोचतो. ज्या चौकीनं त्याला ओळखायचं, तिथंच तो वाढतो. गाठ लिंबाएवढी, अंड्याएवढी होते. मग जंतू रक्तात उतरतो आणि आठवड्याच्या आत खेळ संपतो. उपचार नसेल तर निम्म्याच्या आसपास किंवा जास्तच रुग्ण दगावतात.

पण सगळे दगावत नाहीत. काहींची चौकी वेळेत जिंकते. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांना मिरजेत प्लेग झाला आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायल्यावर ते बरे झाले, असं आमच्याकडं सांगतात. पुढं ते मिरजेचेच झाले. त्यांची कबरही दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. या श्रद्धेशी मला वाद घालायचा नाही. माझ्यासारख्या पत्रकाराला एवढंच दिसतं की त्या काळात प्लेगमधून उठलेल्या माणसाकडं सांगायला दुसरं कारणच नव्हतं. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना सुरू केला होता, लांबलांबून लोक ऑपरेशनला येत होते. पण प्लेगवर चालणारं अँटिबायोटिक यायला १९४० चं दशक उजाडावं लागलं. तोवर हातात एकच मार्ग होता. खरा जंतू येण्याआधी चौकीला त्याचा चेहरा दाखवून ठेवायचा.

ते काम करणारा माणूस ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत उतरला. वाल्डेमार हाफकिन. जन्म १८६० चा, ओडेसाचा, ज्यू. त्याचे गुरू इल्या मेचनिकॉफ. गिळणाऱ्या पेशी जगाला पहिल्यांदा नीट दाखवल्या त्या यांनीच, १८८२ मध्ये, तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून. काट्याभोवती पेशी गोळा झालेल्या त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या. त्याच कामासाठी १९०८ चं नोबेल त्यांना मिळालं. म्हणजे पेशींच्या फौजेचा शोध लावणाऱ्याचा चेला थेट आपल्या मुंबईत आला होता.

ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली, बाहेरचा व्हरांडा आणि हाताखाली मोजकी माणसं मिळाली. प्लेगचे जंतू वाढवायला त्यानं मटणाचं पाणी घेतलं, तेही बकऱ्याचं, म्हणजे हिंदू-मुसलमान कुणाच्या धर्माची अडचण नको. वर तुपाचे थेंब. तुपाला धरून जंतू खाली लोंबत वाढायचे. मग ते उष्णतेनं मारायचे. मेलेला जंतू रोग करत नाही, पण चेहरा तोच असतो. १० जानेवारी १८९७ ला हाफकिननं ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दंड दुखला. महिना संपायच्या आत भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीनं पुढं आलेल्या कैद्यांना ती दिली गेली. टोचलेल्यांत प्लेग कमी आढळला.

सगळ्यात बोलका आकडा बडोद्याजवळच्या उंढेरा गावचा, १८९८ सालचा. एकाच घरातल्या निम्म्या माणसांना लस दिली, निम्म्यांना नाही. घर तेच, उंदीर तेच, अन्नपाणी तेच. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना प्लेग झाला, ३ गेले. न घेतलेल्या ६४ पैकी २७ जणांना झाला, २६ गेले. लस पूर्ण संरक्षण देत नव्हती, हे या आकड्यांतच दिसतं. आणि न घेण्याची किंमत काय होती, तेही दिसतं. त्याच वर्षी आपल्याच रेल्वेमार्गावरच्या हुबळीत हजारो लोकांनी ही लस टोचून घेतली.

मग ३० ऑक्टोबर १९०२ उजाडला. पंजाबातलं मुल्कोवाल गाव. लस घेतलेल्यांपैकी १९ जण धनुर्वातानं मेले. सगळेच्या सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. हाफकिनला कामावरून दूर केलं गेलं. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला, ही गोष्ट नंतर पुढं आली. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी वर्तमानपत्रांत त्याची बाजू मांडली, तेव्हा कुठं १९०७ मध्ये त्याच्यावरचा ठपका पुसला गेला. तो भारतात परतला, पण मुंबईच्या आपल्या प्रयोगशाळेत नाही, कलकत्त्याला. परळच्या त्या संस्थेला १९२५ मध्ये त्याचं नाव दिलं गेलं. १९३० मध्ये तो स्वित्झर्लंडमध्ये वारला. एका चिमट्यामुळं १९ घरं बसली. आणि लसीवरचा जो विश्वास उडाला, त्यापायी आणखी किती घरं बसली असतील, त्याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

हे सगळं आज का सांगतोय?

२०२० पासून ‘इम्युनिटी वाढवा’ हा धंदा झालाय. काढे, पावडरी, गोळ्या, थेंब. छोट्या पेपरांत काम करणाऱ्या आम्हा लोकांकडं या जाहिराती सतत येतात. रोगप्रतिकारशक्ती या शब्दातल्या ‘शक्ती’नं आपला घोटाळा होतो. आपल्याला वाटतं, ही दंडातल्या बेटकुळीसारखी वाढवायची चीज आहे. पोटभर सकस खाणं, झोप, तंबाखू सोडणं, साखर आटोक्यात ठेवणं, याचा फौजेला उपयोग आहेच. उपाशी फौज लढत नाही. पण ठणठणीत पैलवानाच्या चौकीलाही प्लेगचा चेहरा माहीत नसेल तर आठवडा लागणारच. शिवाय बेफाम चवताळलेली प्रतिकारयंत्रणा आपलंच घर जाळते. कोरोनात कित्येकांची फुप्फुसं अशीच गेली. संधिवाताचे काही प्रकार हेही आपल्याच फौजेचे प्रताप. कामाची गोष्ट आहे ती ओळख. ती एकतर रोग होऊन मिळते किंवा लस घेऊन. पावडरीच्या डब्यात ती मिळत नाही.

आणि ओळख पुसलीही जाते. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीत आणि नंतर राज्यात इतरत्र गोवरची साथ आली, लेकरं दगावली. आपल्याकडं गोवर म्हणजे ‘अंगावर येऊन जाऊ दे’ इतपतच समजलं जातं. पण गोवरचा विषाणू नेमका आठवण ठेवणाऱ्या पेशींवरच हल्ला करतो. पोर गोवरातून उठतं, पण आधी होऊन गेलेल्या इतर रोगांची ओळख बरीचशी विसरून. पुढं कितीतरी महिने ते साध्या जंतूंनाही बळी पडू शकतं. त्यावरची लस सरकारी दवाखान्यात फुकट आहे. पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. दुसरा चुकवणारे खूप. ऊसतोड, वीटभट्टी, स्थलांतर अशी कारणं असतात. ती आळसाची नाहीत, पोटाची आहेत. तिथं लस माणसापर्यंत गेली पाहिजे.

अंगणवाडी ताई, आशाताई दारात आल्या की काही घरांतून अजून कडी लागते. त्यांच्यावर चिडून उपयोग नाही. स्टेशनावर बायकांच्या काखा चाचपणाऱ्या सरकारवर लोकांनी विश्वास ठेवला नाही, यात नवल नव्हतं. विश्वास गोड बोलून, प्रश्नांना उत्तरं देऊन आणि झालेली चूक न लपवता कमवावा लागतो. गावातल्या डॉक्टरांनी, शिक्षकांनी, आम्ही पत्रकारांनी हे काम करायचं आहे.

आज-उद्यात घरातल्या लहान मुलाचं लसीकरणाचं कार्ड काढून बघा. एखादा रकाना रिकामा असेल तर या आठवड्यात दवाखान्यात जाऊन या. आणि तुमच्या आजी-पणजीनं सांगितलेल्या प्लेगच्या, रानातल्या खोपटांच्या आठवणी असतील तर खाली लिहा. सांगणारी माणसं संपत चालली आहेत.